हांकेच्या अंतरावरचा खेळ

इंग्रज लेखक व चित्रकार फुटबॉलच्या मैदानाचें वर्णन करावयास बसले म्हणजे त्यांची दृष्टि खेळाकडे फारशी जात नाहीं. ती जाते गर्दीकडे. प्रीस्टलेची 'द गुड कंपॅनियन्स' ही कादंबरी १९२९ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभींच सामना पाहून घरीं परतणाऱ्या टोप्यांचा लोंढा आपणांस भेटतो, आणि एक शिलिंग खर्चून आंत गेलेला सामान्य मनुष्य तेवढ्यापुरता कसा टीकाकार व पक्षाभिमानी बनतो हें प्रीस्टलेनें मोठ्या जिव्हाळ्यानें सांगितलें आहे. लॉरीनें १९५३ सालीं काढलेल्या 'गोइंग टु द मॅच' या चित्रांत तर खेळ नाहींच. बोल्टन शहराच्या बर्नडेन पार्ककडे पुढें झुकून निघालेल्या काटकुळ्या आकृति, एवढाच त्याचा विषय. हें चित्र २०२२ सालीं ७८ लाख पौंडांस विकलें गेलें. ज्या मैदानाचें तें चित्र, तें जमीनदोस्त होऊन मात्र पाव शतक उलटलें आहे.

या दोन्ही कृतींविषयीं आम्हांस आदर आहे. तथापि त्यांनीं एक संकेत रूढ केला आणि तो पुढील सर्व लेखकांच्या मानेवर बसला, तो असा कीं, मैदान म्हणजे माणूस विरघळून जाण्याची जागा. प्रीस्टलेचा टीकाकार हजारों टीकाकारांपैकीं एक आहे. त्याची टीका खेळाडूच्या कानापर्यंत पोंचण्याचा संभव नाहीं, म्हणून ती त्यास फुकट पडते. लॉरीच्या आकृतींस चेहरे नाहींत, हें तर प्रत्येकजण सांगतो. परंतु इंग्लंडांत ज्या मैदानांवर फुटबॉल खेळला जातो त्यांपैकीं बहुसंख्य मैदानांस हें वर्णन मुळींच लागू पडत नाहीं, आणि त्या मैदानांविषयीं बोलावें म्हणून हा लेखप्रपंच.

तेथील फुटबॉलच्या वरच्या चार श्रेणींत मिळून ९२ क्लब आहेत. त्यांच्याखालीं जें कांहीं आहे त्या सर्वांस 'नॉन-लीग' म्हणतात. जें नाहीं त्यावरून जें आहे त्याचें नांव ठेवण्याची ही रीत आम्हांस चमत्कारिक वाटते. पण नांवांत थोडा इतिहासहि आहे. १९८७ पर्यंत खालच्या क्लबास केवळ विजयाच्या जोरावर वर चढतां येत नसे; वरच्यांनीं मतें देऊन आंत घ्यावें लागे. हेरेफर्ड युनायटेडनें १९७२ सालीं एफ. ए. कपमध्यें न्यूकॅसलसारख्या बलाढ्य संघास धूळ चारली आणि त्याच वर्षीं त्यास लीगमध्यें प्रवेश मिळाला, तोहि मतांनींच. आतां जिना खालपासून वरपर्यंत सलग आहे. चढणारे थोडे, एवढेंच.

गेल्या हिवाळ्यांत आमच्या भाच्यानें आम्हांस असें एक मैदान दाखविलें. हा मुलगा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेंत वाढला. आठ वर्षें लंडनमध्यें नोकरी करीत आहे. "मामा, तुम्हांला खरा फुटबॉल पाहायचा असेल तर शनिवारीं माझ्याबरोबर चला," तो म्हणाला. 'खरा' या शब्दावर त्यानें जो जोर दिला त्यानेंच आम्ही सावध झालों. चाळीस वर्षें वाङ्मय वाचून एवढें कळलें आहे कीं, जेथें 'खरें' हें विशेषण आलें तेथें कोणीतरी कांहींतरी विकावयास बसलेला असतो.

लंडनच्या दक्षिण भागांत ईस्ट डलिच नांवाच्या स्टेशनावर उतरून थोडें चाललें कीं वाणसामानाचें एक प्रचंड दुकान लागतें, आणि त्याच्या आडोशास चॅम्पियन हिल हें डलिच हॅम्लेट क्लबाचें मैदान. क्लब १८९३ सालचा. रंग गुलाबी व गर्द निळा. आज तेथें तीन हजार माणसें कशीबशी मावतात. १९३१ सालीं बांधलेलें जुनें चॅम्पियन हिल याहून कितीतरी मोठें होतें; १९३३ सालीं हौशी संघांच्या चषकाचा अंतिम सामना तेथें झाला तेव्हां वीस हजारांवर प्रेक्षक जमले होते. १९४८ च्या ऑलिंपिकांत कोरियानें मेक्सिकोस ५-३ असें हरविलें तेंहि याच जागीं. आपल्या हिंदी संघाचा फ्रान्सशीं झालेला सामना त्याच दिवसांतला, आणि तोहि वेम्ब्लेवर नव्हे, तर इल्फर्ड या उपनगरांतील मैदानावर झाला. आपल्याकडे त्या सामन्यांतील अनवाणी पायांचें व वायां गेलेल्या दोन पेनल्ट्यांचें वर्णन हौसेनें केलें जातें. पण स्वतंत्र हिंदुस्थानचा पहिला ऑलिंपिक गोल रामनच्या पायांतून अशा लहान मैदानावर झाला, हें कोणी सांगत नाहीं. असो. जुनें चॅम्पियन हिल १९९१ सालीं पाडलें गेलें, जागेचा कांहीं भाग दुकानाकडे गेला आणि १९९२ सालीं आजचें आटोपशीर मैदान उघडलें.

मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यास एडगर केलचें नांव आहे. हा केल या क्लबाचें दैवत. त्यानें क्लबासाठीं चारशेंहून अधिक गोल केले. १९२९ च्या मे महिन्यांत तो इंग्लंडतर्फे तीन सामने खेळला. पैकीं पहिल्यांत, पॅरिस येथें फ्रान्सविरुद्ध, त्यानें दोन गोल केले. आणि हें सर्व हौशी खेळाडू राहून. त्यानंतर नॉन-लीग क्लबाचा खेळाडू इंग्लंडच्या मुख्य संघांत क्वचितच आला. ज्यांच्या आजोबांनींहि केलला पाहिलें नसेल असे तरुण आजहि त्याच्या नांवाचें गाणें म्हणत उभे असतात. आमच्या शेजारीं दाढी वाढविलेला एक गृहस्थ आपल्या चारपांच वर्षांच्या मुलीस तें शिकवीत होता आणि ती बिस्किट खात खात भलत्याच ठिकाणीं सूर लावीत होती.

आतां भाच्याच्या त्या 'खऱ्या'कडे वळूं. नॉन-लीगविषयीं जें लिहिलें जातें त्यांत एक ठराविक पाढा असतो: येथें पैसा नाहीं, गर्व नाहीं, चिखल आहे, चहा आहे, माणुसकी आहे. आम्हांस हा पाढा मान्य नाहीं. पहिली गोष्ट, खेळ सामान्य होता, आणि पहिल्या अर्ध्या तासांत तर सामान्याहूनहि खालचा. उंच मारलेला चेंडू वाऱ्यानें परत येई आणि पुन्हां उंच मारला जाई. पैशाच्या गैरहजेरीची कथा तर जुनीच लबाडी आहे. ज्या इस्थमियन लीगमध्यें हा क्लब बहुतेक आयुष्यभर खेळला, ती १९०५ सालीं निघाली तेव्हां तिचें ब्रीद 'मान पुरेसा आहे' या अर्थाचें लॅटिन वचन होतें आणि विजेत्यास चषकसुद्धां देत नसत. पुढें त्याच हौशी खेळाडूंच्या बुटांत सामन्यानंतर गुपचूप नोटा सांपडूं लागल्या, आणि सोंग इतकें जीर्ण झालें कीं १९७४ सालीं फुटबॉल असोसिएशननें हौशी व धंदेवाईक हा भेदच काढून टाकला. आज या पायरीवरचे खेळाडू आठवड्यांतून दोनतीन संध्याकाळीं सराव करून थोडेफार पैसे मिळवितात व इतर दिवशीं दुसरी नोकरी करतात. यांत कमीपणा कांहीं नाहीं. पण तपोवनहि नाहीं. क्लब जगतो तो बराचसा तिकिटावर व बिअरवर. १९८५ च्या कायद्यानें वरच्या पांच श्रेणींतील प्रेक्षकांस मैदान दिसेल अशा जागीं दारू पिण्याची मनाई आहे. त्याखालच्या श्रेणींस ही मनाई नाहीं. हातांत प्याला घेऊन पायऱ्यांवर उभें राहतां येतें, हें दोन-अडीच हजार माणसें जमण्याचें एक कारण आहे, आणि तें सांगण्यास आमच्या भावनाप्रधान लेखकांस उगीच लाज वाटते.

मग येथें विशेष काय? आम्ही त्याचा बराच विचार केला. अभिनवगुप्तानें रसास्वादाचीं जीं सात विघ्नें सांगितलीं आहेत त्यांत स्वतःच्या सुखदुःखांत गुरफटून जाणें हें एक आहे. या पायऱ्यांवरचा प्रत्येक माणूस त्या विघ्नानें पुरता ग्रासलेला असतो. त्यास सामना सुंदर व्हावयास नको असतो, जिंकावयास हवा असतो. तेव्हां जो आनंद तेथें उत्पन्न होतो तो शास्त्रोक्त रस नव्हे. त्याचें नातें जोडावयाचेंच तर आमच्या संगीत नाटकांतील 'वन्स मोअर'शीं जोडावें लागेल. तेथेंहि प्रेक्षक प्रयोगांत हात घाली. नट थांबे, नमस्कार करी, पद पुन्हां म्हणे. टीकाकारांनीं त्या प्रथेस नांवें ठेविलीं, व तीं योग्यच होतीं. पण प्रेक्षकाचा शब्द रंगभूमीवर पोंचतो ही जाणीव त्या प्रथेबरोबरच गेली.

चॅम्पियन हिलवर शब्द पोंचतो. मध्यंतरांत प्रेक्षक सरळ चालत मैदानाच्या दुसऱ्या टोंकास जातात, कारण आपला संघ ज्या गोलावर चढाई करणार त्याच्या मागें त्यांस उभें राहावयाचें असतें. मोठ्या मैदानांत जागेचा क्रमांक तिकिटावर छापलेला असतो. येथें जागा सामन्याबरोबर हलते. प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाच्या पाठीशीं सहा-सात हातांवर उभें राहून एकानें त्याच्या लठ्ठपणाविषयीं कांहीं उद्गार काढले. गोलरक्षकानें मागें न पाहतां पोटावर हात फिरविला व, "बायकोचा हात सुगरणीचा आहे, काय करूं!" असें काहींसें उत्तर दिलें. सगळे हंसले, बोलणारा सर्वांत जास्त. त्यानंतर त्याची टीका गोलरक्षकाच्या लाथेच्या दिशेविषयीं झाली, शरीराविषयीं नाहीं.

आमचेंहि शासन झालेंच. उत्तरार्धांत एक गुलाबी खेळाडू एकटाच चेंडू घेऊन निघाला असतां निशाण वर गेलें. आम्ही कोल्हापुरास शाहू स्टेडियमवर पाटाकडील व शिवाजी मंडळाचे सामने पाहत मोठे झालेले. जुनी संवय उसळली आणि आम्ही शुद्ध मराठींत पंचाच्या दृष्टीचा उद्धार केला. निशाणवाला आमच्यापासून दोन पावलांवर होता. भाषा त्यास कळली नसेल, स्वर कळला. तो वळून शांतपणें म्हणाला, "साहेब, त्याचा खांदा पुढें होता." आणि पुन्हां धांवूं लागला. तीस वर्षें आम्ही पुस्तकांवर अभिप्राय लिहीत आहों. त्यांतील एकाहि लेखकानें आमच्याकडे वळून, इतक्या सौम्यपणें, आमची चूक दाखविलेली नाहीं. कदाचित् आम्ही नेहमीं फार लांब उभे राहून लिहिलें असेल.

भाच्यास आम्ही म्हटलें, तुमचें हें प्रेम थोडें उसनें आहे. पेठेचा मुलगा तालमीच्या संघांत जन्मास येतो; त्यास निवड नसते. येथें पंधरा-वीस वर्षांपूर्वीं काहीं शेंच प्रेक्षक येत, आणि आज जे येतात त्यांतील बरेचसे नोकरीनिमित्त या भागांत राहावयास आलेले सुशिक्षित, वरच्या श्रेणीचें तिकीट परवडत नाहीं किंवा पटत नाहीं म्हणून येथें वळलेले. भाचा रागावला नाहीं. तो म्हणाला, "मामा, २०१८ सालीं तुम्ही इथें नव्हतां."

त्या सालच्या मार्च महिन्यांत जमिनीच्या मालकांनीं क्लबास मैदानाबाहेर काढलें. जागेवर घरें बांधण्याचा त्यांचा बेत नगरपालिकेशीं झालेल्या वादांत अडकला होता. क्लबाचें नांव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेऊन, तें वापरूं नका असें क्लबासच कळविण्यांत आलें. एखाद्या मनुष्यास त्याच्याच नांवाची बंदी करावी अशांतला हा प्रकार. क्लब टूटिंगच्या शेजारी क्लबाकडे भाडेकरू म्हणून गेला. त्याच मोसमाच्या अखेरीस त्यानें पेनल्ट्यांवर हेन्डनला हरवून वरची श्रेणी गांठली, आणि डिसेंबरांत तो आपल्या मैदानावर परतला. २०२३ सालीं तो पुन्हां एक श्रेणी खालीं आला. भाचा सांगत होता कीं, टूटिंगचा प्रवास लांबचा व पावसाचा होता, तरी कामावरच्या शनिवारांखेरीज त्यानें एकहि सामना चुकविला नाहीं. आईवडिलांपासून इतक्या दूर एका शहरांत त्याची अशी एकच जागा होती, आणि तिला कुलूप लागलें होतें.

आमचा आक्षेप आम्ही मागें घेतला असें नाहीं. निवडलेलें प्रेम निवडून सोडतांहि येतें, आणि संघ आणखी दोन श्रेणी खालीं गेला तर यांतले किती उभे राहतील याची आम्हांस शंका आहे. पण जन्मानें मिळालेली पेठ सोडून आम्हींहि तीस वर्षें शाहू स्टेडियमवर पाऊल टाकलेलें नाहीं, हें त्या वेळीं सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

सामना बरोबरीत सुटला. खेळाडू कुंपणाशीं येऊन लोकांशीं हस्तांदोलन करूं लागले. ती लहान मुलगी गोलरक्षकाच्या हातमोज्यांत आपला हात घालून पाहत होती. भाच्यानें दुकानांत शिरून दूध व कांदे घेतले. गुलाबी मफलर घातलेलीं पन्नास-साठ माणसें तेथें आधींच रांगेंत उभीं होतीं, आणि त्या निशाणाविषयीं अजून वाद चालू होता.