अंकलिपी : पुस्तक चांगले, पण पहिले नव्हे

ज्या घरात दुसरे एकही पुस्तक नसते, तिथेही अंकलिपी सापडते. स्वस्त, सचित्र आणि सर्वांच्या ओळखीची. म्हणूनच तिचे परीक्षण कुणी करत नाही. ते करायला हवे, कारण मुलाची वाचनाशी पहिली गाठ अनेकदा इथेच पडते.

आधी तिचे गुण पाहू. वर्णमालेचा क्रम शास्त्रीय आहे. क-वर्ग घशाजवळ उच्चारला जातो, प-वर्ग ओठांशी. प्रत्येक वर्गात अघोष आधी, मग घोष, शेवटी अनुनासिक. उच्चारशास्त्राचा इतका नेटका तक्ता फार थोड्या भाषांना लाभला आहे.

पण तक्ता समजणे वेगळे आणि वाचायला शिकणे वेगळे. ‘क कमळाचा’ हे चित्र व्यंजनांच्या आरंभीच येते. मात्र ‘कमळ’ वाचायला लागणारा म हे पंचविसावे व्यंजन आणि ळ तर पार शेवटाकडे! तोवर मूल वाचत नाही, चित्र पाहून पाठ म्हणते. ‘काका’ला एक अक्षर आणि एक काना पुरतो, पण बाराखडी नंतर असल्याने तोही थांबून राहतो.

आता नागावला या. नागाव-अक्षी-चौल पट्ट्यात आगरी आणि कोळी बोली कानावर पडते. या बोलींत ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘नारळ’चे ‘नारल’ होते. नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेल्या मुलाला आपण ‘ण बाणाचा’ शिकवतो. मराठीत ण किंवा ळ ने शब्द सुरू होत नाही, म्हणून हा आवाज शब्दाच्या पोटात शोधावा लागतो. मुलाच्या तोंडी तर तो ‘बान’ आहे. त्यात ण आहे कुठे? मुलाची शंका रास्त असते; आपण मात्र तिला ‘अशुद्ध’ म्हणतो. दोन-चारदा असे झाले की मूल बोलायचेच थांबते. आणि जे बोलत नाही, ते वाचायला तरी कशाच्या आधारावर शिकणार?

मॅक्सीन बर्नसन यांनी आधी फलटणच्या लोकांच्या बोलण्यातील विविधतेचा अभ्यास केला आणि मग तिथेच शाळा उभी केली. हा क्रम बोलका आहे. थोडी अक्षरे, एखादी मात्रा आणि लगेच अर्थपूर्ण शब्द, अशी त्यांची रीत. उलट, यादगीर (कर्नाटक) आणि वाडा (पालघर) येथील शाळांचा जो दीर्घ अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात वर्गाचा बराच वेळ अक्षरे गिरवण्यात व उतरवण्यात जाताना दिसला; अर्थावर बोलणे फारच थोडे.

आपल्याला काय करता येईल? क, न, र, ल आणि एक काना घ्या. कान, नाक, लाल, काल, काका, नाना हे शब्द तयार होतात, आणि मुलाचा ‘नारल’सुद्धा! तो फळ्यावर तसाच लिहा, वाचू द्या. पुढे ळ आला की सांगा, “आपण नारल म्हणतो, पुस्तकात नारळ लिहितात.” मुलाला चूक ठरवावे लागत नाही, आणि प्रमाण लेखनही सुटत नाही.

अंकलिपी फेकू नका. मूल वाचू लागले की तिच्या हाती द्या. आपण वापरलेले आवाज किती शिस्तीत बसवले आहेत, हे त्याला तेव्हा कळेल.