हेडा, कॉर्नेलिस क्लास
( ? –१६२२). विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाचा (कार. १५८०–१६२७) डच दरबारी चित्रकार. जन्म नेदर्लंड्समधील हार्लेम येथे. प्राग येथे सम्राट दुसरा रूडॉल्फ याच्या पदरी काही काळ राहून तो इराणच्या शाह अब्बासच्या दरबारी जाण्यास निघाला. तथापि होर्मुझ येथे पोर्तुगीजांच्या हाती सापडल्याने त्याची रवानगी गोव्यास झाली. तेथून १६१० च्या सुमारास तो विजापुरास आला. संगीत व चित्रकला यांचा मर्मज्ञ आणि किताब-इ-नवरस या दखनी गीतसंग्रहाचा कर्ता इब्राहिम याने त्यास आश्रय दिला. त्याचे उर्वरित आयुष्य तेथेच गेले.

डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांशी झालेल्या पत्रव्यवहारावरून त्याच्या दरबारातील स्थानाची कल्पना येते. डच व्यापाऱ्यांना तो मध्यस्थ म्हणूनही उपयोगी पडला. कुणकेश्वर व मालवणच्या दक्षिणेस, याच किनाऱ्यावर वेंगुर्ले येथे डचांनी वखार स्थापिली ती १६३७ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी.

निर्विवादपणे हेडाचे म्हणता येईल असे एकही चित्र आज उपलब्ध नाही. इब्राहिमने वसविलेले नवरसपूर १६२४ मध्ये मलिक अंबरने लुटले. अशा उलथापालथीत त्याची चित्रे नष्ट झाली असणे शक्य आहे. या अभावामुळे विजापुरी चित्रांतील छायाप्रकाश व यथादर्शन यांचे श्रेय त्यास देण्याचा मोह होतो. परंतु तो टाळणे इष्ट. आसार महालातील यूरोपीय वळणाची भित्तिचित्रे महंमद आदिलशाहाच्या (कार. १६२७–५६) काळातील, म्हणजे हेडाच्या निधनानंतरची होत. शिवाय यूरोपीय शैलीच्या प्रसारास यूरोपीय चित्रकाराची उपस्थिती आवश्यक नव्हती. फर्रुख बेग याने १६१५ मध्ये मोगल दरबारात रंगविलेले वृद्धाचे प्रसिद्ध चित्र मार्टेन डी व्होस या फ्लेमिश चित्रकाराच्या रचनेवरून केलेल्या मुद्राचित्रावर आधारलेले आहे. अशी मुद्राचित्रे व्यापारी आणि जेझुइट धर्मप्रसारक यांच्यामार्फत भारतात येत.

हेडाचे खरे महत्त्व त्यामुळे शैलीच्या नव्हे, तर आश्रयाच्या इतिहासात आहे. प्राग व विजापूर या दोन्ही दरबारांत परदेशी कलावंतास मान होता. एकच चित्रकार दोन्हीकडे सामावला जातो, यावरून आदिलशाही दरबाराच्या रसिकतेचा आवाका ध्यानात येतो. आपली चित्रे मागे न ठेवताही हेडाने त्या दरबाराविषयी मोलाची साक्ष मागे ठेवली आहे.