नोंदीचे नाव आणि दर्शनी नाव : एका नामस्थलांतराचे परीक्षण

१

नाव बदलणे ही गोष्ट आपल्या समाजास नवीन नाही. संन्यास घेणारा पूर्वाश्रमीचे नाव टाकतो. विवाहानंतर वधूचे नाव बदलण्याची चाल अनेक घराण्यांत होती व आहे. कवी आपल्या कवितेखाली निराळ्याच नावाने सही करतो. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. बदल घडतो तो नाव धारण करणाऱ्याच्या जीवनातील एखाद्या प्रसंगामुळे किंवा त्याच्या निवडीमुळे. गेल्या दोन दशकांत मात्र नामांतराचा एक वेगळाच प्रकार रूढ झाला आहे. त्यात नाव धारण करणाऱ्याच्या आयुष्यात काहीच घडलेले नसते. बदललेली असते ती नावांची नोंदवही. वही बदलली, सबब जुन्या वहीतील नावे नव्या वहीत उतरवून घ्यावयाची, असा हा व्यवहार होय.

ही उतरवणी म्हणजे केवळ लेखनिकाचे काम, असे सामान्यतः मानले जाते. संगणकशास्त्रज्ञांनी ते करावे आणि भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही, अशी आपलीही समजूत दिसते. परंतु कोणती दोन लेखनरूपे एकच नाव मानावयाची आणि कोणती भिन्न मानावयाची, हा प्रश्न भाषेचाच आहे. वही बदलताना तो प्रत्येक वेळी नव्याने सोडवला जातो, आणि बहुधा तो सोडवला गेला आहे हे कोणी सांगतही नाही. या दृष्टीने एका अलीकडील नामस्थलांतराचे परीक्षण येथे करावयाचे आहे.

२

डिस्कॉर्ड ही संभाषणसेवा २०१५ साली सुरू झाली. तिच्या आरंभीच्या व्यवस्थेत प्रत्येक सभासदाच्या नावापुढे चौकटीचे चिन्ह व चार आकडी अंक असे. नाव सभासदाने निवडावे, अंक व्यवस्थेने द्यावा. त्यामुळे एकच नाव जवळजवळ दहा हजार व्यक्तींना एकाच वेळी धारण करता येई. नाव कोणत्या लिपीत लिहावे याविषयी जवळजवळ निर्बंध नव्हता. 'अनंत' हे नाव देवनागरीत नोंदवता येत होते, आणि ते नोंदीचे नाव म्हणूनच गणले जाई. कोणत्याही रोमन नावाहून त्याचा दर्जा कमी नव्हता.

२०२३ च्या मे महिन्यात कंपनीने ही व्यवस्था बदलण्याचे जाहीर केले. नव्या व्यवस्थेत अंक गेले आणि प्रत्येक सभासदास दोन नावे आली. पहिले नोंदीचे नाव. ते एकमेव असावे लागते. त्यात लहान रोमन अक्षरे, अंक, टिंब व अधोरेषा यांखेरीज काहीही चालत नाही. दुसरे दर्शनी नाव. ते कोणत्याही लिपीत लिहिता येते, कितीही जणांचे सारखे असू शकते, आणि म्हणूनच त्यावर कोणाचा हक्क नसतो. नवे नोंदीचे नाव निवडण्याची संधी मुख्यतः सभासदत्वाच्या ज्येष्ठतेनुसार क्रमाक्रमाने देण्यात आली.

बदलाची कारणे कंपनीने मोकळेपणाने मांडली, हे नमूद केले पाहिजे. चाळीस टक्क्यांहून अधिक सभासदांना आपला चार आकडी अंक आठवत नाही किंवा तो काय आहे हेच ठाऊक नसते. परस्परांना शोधून मैत्री जोडण्याचे जवळजवळ निम्मे प्रयत्न फसतात. शिवाय लहानमोठ्या अक्षरांचा भेद व विशेष चिन्हे यांमुळे नाव सांगणे अवघड होते, असा तिचा युक्तिवाद होता. यांतील अडचण खरी आहे. प्रश्न असा की, दिलेला उपाय सांगितलेल्या अडचणीवरचाच आहे काय?

३

अंक आठवत नाहीत, हा पुरावा अंकांविरुद्ध आहे, लिपीविरुद्ध नव्हे. लहानमोठ्या अक्षरांचा घोटाळा हा तर रोमन लिपीचाच दोष. देवनागरीत तो संभवतच नाही. तथापि उपाय करताना अंकांबरोबर जगातील इतर सर्व लिपीही नोंदवहीतून गेल्या. पुराव्यापेक्षा निर्णय मोठा झाला, हा या स्थलांतरातील पहिला दोष होय.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ज्या उद्देशाने हा बदल केला, तो मराठी नावांच्या बाबतीत साधत नाही. 'ज्ञानेश्वर' हे नाव देवनागरीत एकाच प्रकारे लिहिले जाते. रोमन लिपीत मात्र कोणी त्याचा आरंभ डी, एन, वाय या अक्षरांनी करतो, कोणी जी व वाय यांनी, तर संस्कृतज्ञ जे व एन यांनी. म्हणजे जे एक होते त्याची तीन रूपे झाली. शोधणाऱ्याने कोणते रूप धरावे? उलटपक्षी 'काळे' आणि 'काले' ही दोन भिन्न आडनावे प्रचलित रोमन लेखनात एकच होतात, कारण ळ आणि ल यांचा भेद दाखवण्याची सोय त्या सव्वीस अक्षरांत नाही. एक नाव अनेक होणे आणि अनेक नावे एक होणे, हे दोन्ही दोष एकाच वेळी पदरात पडतात. शोध सुलभ व्हावा म्हणून केलेल्या व्यवस्थेत मराठी नाव पूर्वीपेक्षा अधिक दुर्मिळ होते.

तिसरी गोष्ट अंकांची. पूर्वी अंक नावाच्या बाहेर होता. दहा हजार अनंत आपापले अंक घेऊन एकाच नावाने नांदत होते. नव्या वहीत एका लेखनरूपाचा एकच धनी. मग उरलेल्यांनी काय करावे? आपल्या नावापुढे जन्मवर्ष जोडावे, अधोरेषा घालावी, एखादे अक्षर दुप्पट करावे. पुढल्या दाराने घालवलेला अंक मागल्या दाराने थेट नावाच्या आत येऊन बसतो. आपल्याकडे गावात चार सखाराम असले तर बापाचे नाव आणि आडनाव लावून त्यांचा भेद करतात. 'सखाराम' हे नाव चौघांचेही अखंड राहते. जुनी व्यवस्था, तिचा अंक रुक्ष असला तरी, या रीतीच्या जवळ होती. नवी व्यवस्था पहिल्या सखारामास नाव देते आणि बाकीच्या तिघांस आपापले नाव मोडावयास सांगते.

यावर असे म्हटले जाईल की, दर्शनी नाव देवनागरीत लिहिण्यास कोणाची आडकाठी आहे? संभाषणात दिसते ते तेच. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. आपल्या वाङ्मयातही विष्णु वामन शिरवाडकर हे नोंदीचे नाव आणि कुसुमाग्रज हे वाचकांसमोरील नाव, असा भेद होताच. परंतु साम्य येथेच संपते. कुसुमाग्रज हे नाव एकट्या एका कवीचे होते. ते उच्चारले असता दुसऱ्या कोणाचा बोध होत नसे. नव्या व्यवस्थेतील दर्शनी नाव कोणीही उचलून आपल्या माथ्यावर लावू शकतो. नावाची दोन कार्ये असतात : व्यक्तीचा निर्देश करणे आणि व्यक्तीस स्वतःची वाटेल अशी ओळख देणे. येथे ही कार्ये वेगळी केली गेली, निर्देशाचा हक्क केवळ रोमन लेखनास मिळाला, आणि मराठी लेखनाच्या वाट्यास शोभा आली. देवनागरी नाव दिसते, पण ते कोणाचे आहे हे ठरवण्याचा अधिकार त्यास उरलेला नाही.

४

लिपींच्या बहुलतेस खरा अडथळा आहे तो सदृश अक्षरांचा. रशियन लिपीतील काही अक्षरे रोमन अक्षरांसारखी हुबेहूब दिसतात. त्यांच्या साहाय्याने दुसऱ्याच्या नावाची फसवी प्रतिकृती करता येते. २००२ साली गाब्रिलोविच व गोन्तमाखेर या दोन संशोधकांनी एका सुप्रसिद्ध संगणक-कंपनीच्या नावात अशी अक्षरे घालून ते नोंदवून दाखवले होते. हा धोका नाकारणे शहाणपणाचे नाही. मात्र त्यावर लिपी हद्दपार करणे हाच उपाय नाही, हे दुसऱ्या एका स्थलांतरावरून दिसून येते.

संकेतस्थळांच्या नावांत मुळात रोमन अक्षरे, अंक व संयोगरेषा एवढेच चालत असे. २००३ साली इतर लिपींतील नावांसाठी पहिले प्रमाण नियम आले. त्या नियमांत नाव नोंदवण्यापूर्वी काही अक्षरे बदलली अथवा गाळली जात. जर्मन भाषेतील 'एस्त्सेट' या स्वतंत्र अक्षराच्या जागी दोन 'एस' येत. देवनागरीच्या बाबतीत, अक्षरे जोडण्यासाठी वापरले जाणारे शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह गाळले जाई. हे चिन्ह अदृश्य असले तरी निरर्थक नाही. 'दऱ्या' हा शब्द संगणकावर लिहिण्याच्या दोन रीती आहेत : एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर योजतात, दुसरीत साधा र, हलन्ताची खूण आणि हे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. परंतु दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या शब्दातून जोडचिन्ह गळाले की 'दर्या' उरतो. डोंगरातील दऱ्यांचा समुद्र होतो. त्याच न्यायाने आचाऱ्याचा आचार्य होतो. मराठीतील एक अर्थभेदक लेखनखूण नियमकर्त्यांनी वजा केली होती.

२०१० च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या, पण २००८ च्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या नियमांनी ही चूक दुरुस्त केली. हलन्ताच्या खुणेनंतर येणारे जोडचिन्ह ग्राह्य ठरले आणि एस्त्सेटलाही स्वतःचे स्थान मिळाले. साहजिकच अडचण उद्भवली. जेथे काल एक नाव होते तेथे आज दोन झाली. मग नव्याने निघालेल्या दुसऱ्या नावाचा धनी कोण? जर्मनीच्या नोंदणीसंस्थेने यावर विचारपूर्वक तोडगा काढला. दोन 'एस' असलेले नाव ज्याच्याकडे आधीपासून होते, त्यास एस्त्सेट असलेले नाव घेण्याचा अग्रहक्क तिने २०१० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काही आठवडे दिला. त्यानंतर नोंदणी सर्वांस खुली झाली.

हे स्थलांतर निर्दोष होते असे नाही. काही न्याहाळक जुन्या नियमाने चालत, काही नव्या. क्रोम या बहुप्रचलित न्याहाळकाने नवा अर्थ स्वीकारला तो २०२३ मध्ये. तोपर्यंत एकच लिहिलेले नाव दोन ठिकाणी नेऊ शकत होते. सदृश अक्षरांच्या धोक्यावरही न्याहाळकांनी मध्यम मार्ग काढला : एकाच नावात संशयास्पद रीतीने दोन लिपींची सरमिसळ आढळली, तर ते नाव मूळ लिपीत न दाखवता त्याच्या सांकेतिक रोमन रूपात दाखवावयाचे. यानेही सर्व फसवणूक थांबत नाही. परंतु येथे शंका विशिष्ट नावावर घेतली गेली, लिपीवर नव्हे.

५

दोन्ही व्यवस्था आपापल्या काळी 'नव्या' होत्या. एकीने पूर्वी पुसलेला भेद परत आणला, दुसरीने पूर्वी मान्य असलेला भेद पुसला. म्हणून नवेपणा हा गुण नव्हे. स्थलांतराचे मूल्य अन्य कसोट्यांवर ठरवावे लागेल. एक, जुन्या वहीत जी नावे भिन्न होती ती नव्या वहीत भिन्न राहतात काय? दोन, भेद वाढला असता जुन्या धारकाच्या हक्काचा विचार झाला आहे काय? तीन, जुने व नवे नाव यांचा संबंध उघडपणे नोंदला गेला आहे काय?

तिसऱ्या कसोटीस डिस्कॉर्ड अंशतः उतरते. नाव बदललेल्या सभासदाच्या परिचयात त्याचे जुने, अंकासहित नाव दाखवणारी खूण ठेवण्याची सोय कंपनीने केली. हे पूर्वाश्रमीच्या नावाचे स्मरण स्वागतार्ह आहे, पण पुरेसे नाही. आपल्या शासकीय राजपत्रात नावातील बदल छापतात तेव्हा जुने व नवे नाव शेजारी शेजारी येते, आणि ती नोंद नाव बदलणाऱ्याच्या मर्जीवर पुसली जात नाही. परिचयातील खूण ही आठवण आहे. राजपत्रातील नोंद हा पुरावा आहे.

हा फरक अभ्यासकाच्या दृष्टीने क्षुल्लक नाही. आजचे कितीतरी मराठी लेखन, वाद आणि पत्रव्यवहार अशाच नोंदीच्या नावांखाली होत आहे. उद्याच्या चरित्रकारास व संहितासंपादकास एका लेखकाची दोन वह्यांतील दोन नावे जुळवावी लागतील, आणि त्यावेळी दर्शनी नाव त्याच्या उपयोगी पडणार नाही, कारण ते कोणाचेही असू शकते. यास्तव अशा साधनांचा आधार घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी नावाचे जुने रूप, नवे रूप, मूळ लिपी आणि पाहिल्याची तारीख या चारही गोष्टी टिपून ठेवण्याची सवय आजपासूनच लावून घ्यावी. नोंदवही कोणती असावी हे ठरवणे आपल्या हाती नाही. वहीने कोणते अक्षर गाळले याची नोंद ठेवणे मात्र आपलेच काम आहे.