सेप्सिसच्या प्रमाणित उपचारपद्धती आणि रुग्णांचा मृत्युदर : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
जंतुसंसर्गाला शरीराकडून मिळणारा प्रतिसाद अनियंत्रित होऊन अवयव निकामी होऊ लागतात, त्या जीवघेण्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. यात वेळेला फार महत्त्व असल्याने उपचार केवळ डॉक्टरच्या व्यक्तिगत अनुभवावर न सोडता ठरावीक क्रमाने व्हावेत, हा विचार २००१ नंतर जगभर रूढ झाला. या पद्धतींमुळे रुग्ण वाचतात काय आणि वाचत असल्यास नेमके कशामुळे, हे तपासणे अगत्याचे आहे.

मूळ अभ्यास व फेरतपासणी :
या विचाराला चालना मिळाली ती एमॅन्युएल रिव्हर्स व सहकाऱ्यांच्या अमेरिकेतील डेट्रॉइट येथील अभ्यासामुळे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २६३ रुग्ण होते. पहिल्या सहा तासांत रक्तदाब, मध्यवर्ती शिरेतील दाब व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ठरावीक पातळीवर आणलेल्या गटात रुग्णालयातील मृत्युदर ३०.५ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात तो ४६.५ टक्के होता. २००४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत या पद्धतीस स्थान मिळाले. तथापि २०१४ व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांत हा लाभ आढळला नाही. त्यांपैकी इंग्लंडमधील ५६ रुग्णालयांत ९० दिवसांचा मृत्युदर अनुक्रमे २९.५ व २९.२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखाच होता. तोपर्यंत लवकर निदान व तातडीची प्रतिजैविके हा नेहमीच्या उपचारांचाच भाग झाला होता, हे याचे संभाव्य कारण होय.

सक्तीचा परिणाम :
न्यूयॉर्क राज्याने २०१३ मध्ये सर्व रुग्णालयांना सेप्सिसची उपचारपद्धती बंधनकारक केली. २०१९ च्या एका अभ्यासानुसार तेथील मृत्युदर २६.३ वरून २२.० टक्क्यांवर आला. परंतु असा नियम नसलेल्या चार राज्यांतही तो २२.० वरून १९.१ टक्क्यांपर्यंत उतरला. म्हणजे घटीचे सर्व श्रेय नियमाला देता येत नाही. मात्र अन्य घटक विचारात घेतल्यावरही न्यूयॉर्कमधील घट अधिक ठरली. त्याच राज्यातील १४९ रुग्णालयांच्या २०१७ च्या अभ्यासात प्रतिजैविकांच्या विलंबाचा मृत्यूशी संबंध दिसला. शिरेवाटे द्रव देण्यास लागलेल्या वेळेचा तसा संबंध दिसला नाही.

परिस्थितीचा प्रश्न :
झांबियातील लुसाका येथील २०१७ च्या चाचणीचा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. तेथे कमी रक्तदाब असलेल्या सेप्सिसच्या २१२ रुग्णांवर चाचणी झाली. भरपूर द्रव व रक्तदाब वाढविणारी औषधे देण्याच्या पद्धतीत ४८.१ टक्के रुग्ण दगावले, नेहमीच्या उपचारांत ३३.० टक्के. बहुसंख्य रुग्ण एचआयव्हीबाधित होते आणि अतिदक्षता व कृत्रिम श्वसनाच्या सोयी अपुऱ्या होत्या. श्रीमंत देशांत निरुपद्रवी ठरलेले उपचार येथे घातक ठरले.

निष्कर्ष :
प्रमाणित पद्धतीचे बळ तिच्या प्रत्येक कलमात नसून रोग वेळीच ओळखण्याची व प्रतिजैविके तातडीने देण्याची जी शिस्त ती लावते, त्यात आहे. म्हणून शिस्त स्वीकारावी. द्रवाचे प्रमाण व इतर कलमे मात्र स्थानिक रुग्ण आणि साधनसामग्री यांच्या कसोटीवर पारखून घ्यावीत. अन्यथा नियमपालनाची टक्केवारी वाढेल, पण रुग्ण वाचतीलच याची खात्री देता येणार नाही.