वीस तास म्हणजे नक्की किती?

ब्रिटनमध्ये पीएचडीला यायची तयारी करणाऱ्यांचा मला येणारा पहिला प्रश्न बहुतेक वेळा संशोधनाबद्दल नसतोच. "ताई, तिकडे पार्टटाइम करता येतं ना?" असा असतो. पूर्वी मी एका वाक्यात उत्तर द्यायचे: टर्ममध्ये आठवड्याला २० तास, सुट्टीत पूर्णवेळ. एजंटही हेच सांगतात. पहिल्या वर्षाच्या जूनमध्ये कळलं, की या वाक्याचा दुसरा अर्धा भाग माझ्यासाठी लिहिलेलाच नाही.

झालं असं. आमच्या घरात राहणारा बी.ए.चा मुलगा जून लागताच एका गोदामात आठवड्याला ४० तास जाऊ लागला. मलाही पैशांची गरज होतीच. विचारायला विद्यापीठाच्या व्हिसा विभागात गेले, तर तिथल्या बाईंनी उलट मलाच विचारलं, "तुमची सुट्टी कधी असते?" मला उत्तर देता येईना. पीएचडीला उन्हाळ्याची सुट्टी नसते. आणि सुट्टी नाही म्हणजे नियमाच्या नजरेत बाराही महिने टर्मच. त्यामुळे २० तासांची मर्यादाही बाराही महिने.

संशोधनात आपण आधी काय बघतो? संज्ञेची व्याख्या आणि मोजमापाचं एकक. हा नियमही तसाच वाचून बघू.

'आठवडा' घ्या. तो सोमवारी सुरू होतो, रविवारी संपतो, आणि सरासरी चालत नाही. या आठवड्यात १२ तास आणि पुढच्यात २८, तर नियम मोडला. पण पीएचडीवाल्याला मिळणारं नेहमीचं काम म्हणजे शिकवणं, आणि पेपर तपासायला येतात ते गठ्ठ्यानं, परीक्षा झाल्यावर.

'काम' घ्या. बिनपगारी इंटर्नशिपही यात धरली जाते. दोन ठिकाणी काम केलं तर तास एकत्र मोजतात. स्वयंरोजगाराला तर पूर्ण बंदी. पुण्यातल्या एखाद्या प्रकाशकासाठी इथे बसून शब्दागणिक पैसे घेऊन अनुवाद केला, तरी तो स्वयंरोजगारच. या ब्लॉगवर जाहिराती नाहीत, त्याचं कारण हेच. स्वतःच्या संशोधनात आठवड्याला ५० तास घातले, तर ते मात्र 'काम' नाही.

आता 'टर्म'. माझा खरा आक्षेप इथे आहे. प्रबंध जमा केला म्हणून टर्म संपत नाही. तोंडी परीक्षा, मग दुरुस्त्या, मग त्या मान्य होणं, आणि अभ्यासक्रम औपचारिकरीत्या पूर्ण होईपर्यंत मर्यादा कायम. स्टायपेंड मात्र पुष्कळांचा तीन किंवा साडेतीन वर्षांनी थांबतो. म्हणजे पैसे बंद झालेत, प्रबंध लिहून व्हायचा आहे, आणि कमाईवर कुलूप. संशोधन अर्धवट सुटण्याची भीती सगळ्यात जास्त असते ती याच महिन्यांत, आणि नियमाला ती दिसतच नाही.

नियमाची बाजूही ऐकली पाहिजे. व्हिसा शिक्षणासाठी आहे; मर्यादा नसेल तर अभ्यासक्रमाच्या आडून स्वस्त मजूर आणले जातील, असं त्याचे समर्थक म्हणतात. हे मी हसण्यावारी नेणार नाही. जास्त शिफ्टसाठी मागे लागणाऱ्या मालकाला "व्हिसात बसत नाही" असं सांगून सुटलेली मुलं मी पाहिली आहेत. पण पीएचडीवाला शिकतोय की नाही, हे तासांवरून ओळखायची गरज काय? प्रगतीचा आढावा होतो, सुपरवायझर भेटतात, आणि विद्यार्थी गायब झाला तर विद्यापीठाला गृहखात्याला कळवावंच लागतं. मोजमापाचं साधन हाताशी असताना चुकीच्या एककाला चिकटून राहायचं कशाला?

दुसरा मार्ग आहे, आणि तो वापरात आहे. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३पासून इतर विद्यार्थ्यांना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे; पीएचडीवाल्यांना अभ्यासक्रम सुरू झाल्यावर मर्यादाच नाही. तिथे हिशेब पंधरवड्याचा, हेही लक्षात घ्या.

बरं, पीएचडी वेगळी आहे हे ब्रिटनला माहीत नाही असंही नाही. जानेवारी २०२४पासून बहुतेक नव्या विद्यार्थ्यांना जोडीदार-मुलं सोबत आणणं बंद झालं, पण संशोधन पदवीला त्यातून सूट मिळाली. २०२१मध्ये शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा सुरू झाला, तेव्हा इतरांना दोन वर्षं दिली आणि पीएचडीला तीन. दोन्हीकडे फरक केला. मग तासांच्या बाबतीतच बी.ए.चा आणि पीएचडीचा विद्यार्थी एका मापात का?

नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर प्रवेश स्वीकारण्याआधी विद्यापीठाला तीन गोष्टी लेखी विचारा. एक, निधी किती महिन्यांचा आहे आणि त्या विभागातल्या मुलांना प्रबंध जमा करायला खरोखर किती महिने लागतात. दोन, मंजूर वार्षिक रजा ही 'सुट्टी' धरतात का. काही विद्यापीठं धरतात आणि त्या रजेत पूर्णवेळ काम करू देतात. तीन, शिकवण्याच्या करारात तयारीचे आणि तपासणीचे तास मोजलेत का. खर्च वाचवायला अर्धवेळ पीएचडीचा विचार करत असाल, तर थांबा: त्या विद्यार्थी व्हिसावर काम करायची परवानगीच नसते.

आणि बजेट मांडताना पार्टटाइमची रक्कम जमेच्या बाजूला धरू नका. निधी संपल्यानंतरच्या सहा-आठ महिन्यांचं भाडं कुठून येणार, याचं उत्तर तिकीट काढण्याआधी कागदावर लिहून ठेवा. मी ते लिहिलं नव्हतं.