'संबद्धता' : एका संज्ञेची चिकित्सा

अल्झायमरच्या विकारात मेंदूतील 'जोडण्या तुटतात', हे विधान आता रूढ झाले आहे. ते ज्या मापनातून निघाले, त्यावरूनच त्याची ग्राह्यता ठरवावयास हवी. कार्ल फ्रिस्टन व सहकाऱ्यांच्या १९९३ मधील व्याख्येनुसार कार्यात्मक संबद्धता म्हणजे परस्परांपासून दूर असलेल्या मेंदूभागांतील घडामोडींचा कालिक सहसंबंध होय. एमआरआय चित्रणात रक्तातील प्राणवायूशी निगडित संकेत दोन ठिकाणी एकाच लयीने चढले-उतरले, की ती स्थाने संबद्ध मानली जातात. त्यांमध्ये थेट तंतुमार्ग असतोच असे नाही. संहितेत दोन शब्द वारंवार शेजारी आले म्हणून त्यांची व्युत्पत्ती एक ठरत नाही. या रोगात पेशी व तंतू यांचा ऱ्हास होतो, हे खरे. परंतु हे मापन तो प्रत्यक्ष दाखवीत नाही.

जुआन झोउ, विल्यम सीली प्रभृतींचा २०१० मधील निबंध या दृष्टीने उद्बोधक आहे. अल्झायमरच्या रुग्णांत विश्रांतीत व पूर्वस्मरणात सक्रिय असणाऱ्या जालाची संबद्धता घटलेली, तर भावनिक महत्त्वाच्या गोष्टी टिपणाऱ्या जालाची वाढलेली आढळली. वर्तन बिघडविणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात याच्या नेमके उलट दिसले. तुटलेल्या तारेच्या रूपकाने या वाढीचा उलगडा होत नाही. मात्र प्रत्येक रुग्णगट १२ जणांचाच असल्यामुळे निष्कर्ष जपून वापरला पाहिजे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. 'तारा तुटल्या' असे ऐकलेले कुटुंब रुग्णाशी बोलणेच सोडून देण्याचा संभव असतो. वस्तुतः नाव विसरलेला रुग्णही आवाजातील जिव्हाळा ओळखू शकतो. म्हणून 'जोडणी तुटली' याऐवजी 'सहसंबंध बदलला' असेच लिहिणे शास्त्रास धरून होईल.