ताप आणि पालट

मराठी बायबलाच्या नव्या करारात ‘पश्चात्ताप करा’ असे जेथे येते, तेथे मूळ ग्रीकात ‘मेतानोएओ’ हे जोडक्रियापद आहे. ‘मेता’ म्हणजे नंतर, आणि जोडशब्दात पालटही. ‘नोएओ’ म्हणजे जाणणे, विचार करणे. दोन्ही मिळून अर्थ झाला मन पालटणे. ‘मेता’शी आपला ‘पश्चात्’ जुळतो खरा. पण विचाराच्या जागी ताप येऊन बसला!

भेद लहान नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात यहूदा पस्तावतो, तेथे क्रियापद निराळे आहे: ‘मेतामेलोमाई’. तो तीस नाणी टाकून देतो आणि गळफास घेतो. ताप पुरेपूर झाला. नवी वाट मात्र सापडली नाही.

पंडिता रमाबाईंनी केडगावी हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणले. १९२२ साली त्या वारल्या, १९२४ साली ते छापून झाले. साध्या माणसाला कळावे, हीच त्यांची कसोटी. त्या कसोटीवर मला ‘पश्चात्ताप’ चुकीचा नव्हे, अपुरा वाटतो.

याला कारण आमचा औशातला वर्ग. एका मुलाने शेजाऱ्याची वही फाडली. तो रडला नाही, म्हणून मी त्याला कोडगा म्हटले. पुढे कळले, आठवडाभर मधल्या सुट्टीत बसून तो शेजाऱ्याचे धडे नव्या वहीत उतरवून देत होता. मी ताप शोधत होतो. पालट माझ्यासमोर पहिल्याच बाकावर बसला होता.

आपल्याकडे ‘उपरती’ हा जुना शब्द आहे. त्यात थांबणे आहे, मागे फिरणे आहे, पोळणे नाही. त्या दिवशी उपरती गुरुजींनाही झाली.